हिराजीने न घेतलेली दारू

हिराजीच्या दहाव्याला खाडीवर जमलेल्यांपैकी निम्म्या जणांच्या तोंडाला सकाळी सकाळीच वास मारत होता, आणि तेच एकमेकांना सांगत होते, "दारूनं नेला बिचाऱ्याला." पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांशी भांडू नये, एवढी अक्कल वयानं आली आहे. पण घरी आलो तरी डोकं तापलेलंच राहिलं, म्हणून लिहायला बसलो. नावं बदलली आहेत. का बदलली ते पुढे कळेलच.

तर पहिली गोष्ट. हिराजीने आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता. आमच्या खाडीपट्ट्यात असा माणूस शोधायचा तर गाव पालथं घालावं लागेल, आणि जो एक होता त्यालाच गावानं बेवडा ठरवलं. कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात, पण हा तर कोळसाच नव्हता. याला उगाळून काळा केला.

मला हे छातीठोक सांगता येतं, कारण मी एसटीत कंडक्टर होतो, बरीच वर्षं पेण-रोहा गाडीवर. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, पण शाळेच्या मास्तरला न कळणारी एक गोष्ट आम्हाला कळते. कोणी घेतली आहे, किती घेतली आहे आणि गावठी की बाटलीतली, हे मला माणसानं तिकीट मागितलं की समजायचं. हिराजी माझ्याच आळीतला, रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. सकाळी गाडीत ताठ चढायचा. याच्या आईचे पाय, त्याच्या म्हशीचं दूध, सगळ्यांची विचारपूस करत बसायचा. संध्याकाळी तोच माणूस पायरीवर एक पाय टेकवून थांबायचा, दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि 'पेण' एवढा शब्द त्याला ओढून काढावा लागायचा. मग खिडकीशी बसून टॉवेल डोळ्यांवरून घट्ट बांधायचा. उजेड त्याला सोसत नसे. मी त्याच्या तोंडाशी वाकून तिकीट दिलेलं आहे, एकदा नाही, शेकडो वेळा. वास कसला, तर घामाचा.

"सकाली बोल माझ्याशी, मास्तर," तो म्हणायचा. "सांजचा मी माझा नसतय."

त्या टॉवेलाच्या टोकांना गाठी असायच्या. सकाळी बायकोनं सांगितलेल्या कामांची एकेक गाठ. संध्याकाळपर्यंत गाठी शिल्लक राहायच्या आणि कामं डोक्यातून गेलेली असायची. मग तो गाठ वर धरून मला विचारायचा, "ही कशाची बरं?" सगळी गाडी मदतीला धावायची. कोणी म्हणे मच्छी न्यायची असंल, कोणी म्हणे बायकोला माहेराशी आनायची असंल. तोही हसायचा. हसता हसता एखाद दिवशी असा भडकायचा की शेजारचा माणूस उठून मागं जाऊन उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाजवळ बसून विचारायचा, "काल मी काय वंगाल बोललू का रं?"

आमच्याकडची हळद बाहेरच्यांना सांगून कळायची नाही. लग्न नावाला, खरा खर्च हळदीचा. डीजेच्या भिंती, मटणाची पातेली आणि मागच्या पडवीत बाटल्यांचे खोके. एका हळदीला हिराजी कोपऱ्यात कोकम सरबताचा ग्लास घेऊन कानात बोटं घालून बसला होता. तासभर बसला असेल. मग उठला, डीजेची वायर उपटली आणि आडव्या आलेल्या नवरदेवाच्या मामाच्या थोबाडीत ठेवून दिली. मामाला धड उभं राहता येत नव्हतं. ज्यांनी हिराजीला धरून बाहेर काढलं त्यांना एकमेकांना धरावं लागत होतं. आणि हे सगळे वीर दुसऱ्या दिवशी गावभर सांगत होते, "हिराजीला चढली की आवरत नाय." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मी डोळ्यांनी पाहिली.

मी सांगत नव्हतो असं नाही. दातांच्या कण्या केल्या. पण अडचण अशी की मी स्वतः घेतो. फार नाही, पण घेतो. "मास्तर, तू कोनाची बाजू घेशील ते कलतं आमाला," म्हणून लोक हसायचे. न पिणाऱ्याची साक्ष द्यायला गावात न पिणाराच लागतो, आणि तो एक हिराजीच होता.

खरं काय होतं ते मला त्याच्या मोठ्या बहिणीनं, पदूबाईनं सांगितलं. ती जोहे गावात दिलेली. एकदा माझ्या गाडीला होती, हिराजीवरून कोणीतरी काही बोललं, आणि उतरल्यावर तिनं मला बाजूला घेऊन, कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून, रडत रडत सगळं ओतलं. आमच्या खारजमिनीच्या बांधाला भरतीचं पाणी अडवायला दारं असतात, त्याला उघाडी म्हणतात. हिराजी आठ-नऊ वर्षांचा असताना त्या उघाडीच्या भिंतीवरून खालच्या दगडांवर पडला. ओहोटी होती, खाली पाणी नव्हतं. मुंबईच्या इस्पितळात किती तरी दिवस बेशुद्ध होता. कवटी उघडून ऑपरेशन झालं. घरी आला तेव्हा बापानं गावजेवण घातलं.

"डॉक्टर बोलला व्हता बाबाला, पोराला जपा, पुढं तरास व्हईल," पदूबाई म्हणाली. "पन पोरगा चालाया लागला, बोलाया लागला. बाबा बोलला, झाला बरा. मंग कोन इचारतोय?"

डाव्या कानाच्या वर त्याला खळगा होता, सुपारी बसेल एवढा. वयात आल्यावर आईनं त्याला केस वाढवायला लावले आणि देवासमोर बसवून सांगितलं की हे कोणाला बोलायचं नाही. "डोक्याला मार हाय बोललास तर पोरगी कोन दील?" आईचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे डोक्याचा मार म्हणजे येडा, आणि फिट म्हणजे त्याहून वाईट, ती पोराबाळांत उतरते असं समजतात. ते सांगितलं असतं तर त्याची बायको सुनंदा या घरात आली नसती. सुनंदाला ठाऊक नव्हतं, गावातले जाणते म्हातारे एकेक करून गेले, आम्ही बाकीचे पोरगा पडून बरा झाला म्हणून विसरून गेलो, आणि पुढं जेव्हा त्याची जीभ अडखळायला लागली, तोल जायला लागला, तेव्हा लोकांपुढे एकच कारण उरलं. ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

कंपनी सुटली तीही अशीच. रात्रपाळी लागली की त्याचं बिनसायचं, झोप मोडली की दोन दिवस तो दुसराच कोणी असायचा. एका सकाळी पाळी बदलताना गेटवर लटपटला. सिक्युरिटीवाल्यानं फुंकर मारायचं मशीन आणलं. हिराजीनं फुंकर मारली, आकडा आला शून्य. पुन्हा मारायला लावली, पुन्हा शून्य. सिक्युरिटीवाल्यानं मशीन हातावर आपटून बघितलं आणि साहेबांना कळवलं की मशीन बिघडलंय, माणूस फुल आहे. ठेकेदारानं त्याच दिवशी नाव कमी केलं. तो माझ्याच गाडीनं परत आला. मी म्हटलं, "अरे, भांडायचंस की, मशीन तुझ्या बाजूचं होतं."

"मशीनला कोन इचारतोय, मास्तर," तो म्हणाला आणि टॉवेल डोळ्यांवर ओढून घेतला.

मग पदूबाईच्या नवऱ्यानं त्याला जोह्याला गणपतीच्या कारखान्यात चिकटवला. काम बरं होतं. साच्यातून निघालेल्या मूर्तींना पॉलिश पेपर मारायचा, उन्हात मांडायच्या, आत घ्यायच्या. शांत काम, दुपारी डोळा मिटला तरी कोणी ओरडत नसे. तिथं तो माणसात आला. पण सणाच्या तोंडावर कारखान्यात रात्रंदिवस काम चालतं, आणि त्याला जागरण म्हणजे विष. श्रावणात एका दुपारी मूर्ती उचलता उचलता थांबला, हाक मारली तर ओ देईना, तोंड नुसतं चघळल्यासारखं हलत होतं, आणि तसाच वाळत घातलेल्या रांगेवर कोसळला. गणपतींच्या सोंडा तुटल्या, हात तुटले. मालकानं नुकसान सोसलं असतं, पण पिऊन देव फोडले ही बातमी हिराजीच्या आधी गावात पोचली आणि तेही काम गेलं.

आमच्या गावात बायकांचं दारूबंदीचं मंडळ आहे. बायका खऱ्या आहेत, त्यांनी चार घरं वाचवलेली मी पाहिली आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांची रीत अशी, की पिणाऱ्याला ग्रामदेवीच्या देवळात उभा करायचा, देवीसमोर नारळ हातात देऊन दारू सोडल्याची शपथ वदवून घ्यायची, गळ्यात माळ घालायची. मग त्याला गाव माफ करतं. कामावर परत घेतात, लग्नकार्यात बोलावतात. एवढं सोपं. हिराजीला सकाळच्या वेळी नेला होता, म्हणून जीभ नीट चालत होती. नारळ हातात दिला.

"जी धरली नाय ती सोडू कशी?" तो म्हणाला. "देवीसमोर खोटा कसा बोलू?"

बायकांना वाटलं मस्करी करतो. पुरुषांना वाटलं मस्ती करतो. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी समजावलं, सुनंदानं पदर पसरला, पदूबाई भिंतीला टेकून गप्प उभी होती, कारण खरं बोलायची बंदी तिलाही होती. हिराजीनं नारळ देवीच्या पायाशी ठेवला, पाया पडला आणि घरी गेला. त्या दिवसापासून तो नुसता बेवडा राहिला नाही, देवीला न जुमानणारा बेवडा झाला. कोणी त्याला कामाला बोलावीना. माझ्या मते गावात त्या दिवशी देवीला मानणारा तो एकटाच निघाला.

सुनंदाचं काय झालं असेल ते तिलाच माहीत. नवरा झोपला की ती त्याचं तोंड हुंगायची, हे तिनंच मला पुढं सांगितलं. वास कधीच आला नाही. म्हणून तिनं ठरवलं होतं की हा वास न येणारं काहीतरी घेतो, गोळी असेल, पुडी असेल. त्याच्या पिशव्या तपासायची, उशी उसवून बघायची. एवढं करून हाती काही लागेना, तेव्हा तिची खात्रीच पटली की माणूस लबाड आहे.

सुनंदाला उलगडा झाला तो पेणला रामवाडीत, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. हिराजी घरात पडला, हनुवटी फाटली, म्हणून मी आणि सुनंदा त्याला रिक्षात घालून घेऊन गेलो. बाईंनी टाके घातले, डोक्याला कुठं लागलंय का म्हणून केस बाजूला केले आणि त्यांचं बोट त्या खळग्यात गेलं.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

सुनंदा वाकून बघायला लागली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं ते पाहिलं नव्हतं. हिराजीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि सांगून टाकलं. आई तोवर वारली होती. बाईंनी पनवेलला पाठवून डोक्याचा स्कॅन काढला आणि आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. लहानपणी मेंदूला एवढा मार बसला की माणूस वाचतो, पण मार संपत नाही. त्याचं फळ वर्षांनी येतं. झटके येतात, आणि सगळे हातपाय झाडणारेच नसतात, काहींत माणूस नुसता हरवतो. दमला की जीभ जड होते, तोल जातो, आवाज सोसत नाही, राग आवरत नाही, आठवण टिकत नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, जागरण करायचं नाही. "आणि दारू अजिबात नको," त्या म्हणाल्या. हिराजी हसला. मी त्याला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

सुनंदा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली आणि भडभडून रडली. "बेवड्याची बायको म्हनून जलम गेला माझा," ती म्हणाली. "आनि तू एक शबद नाय बोललास." मला वाटलं, झालं, आता गावाला सांगायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. मी तसं बोललोसुद्धा. सुनंदानं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडा आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी रेश्मा लग्नाची होती. रोह्याकडच्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली होती, मुलाला कंपनीत कायमची नोकरी, मुलगा रेश्माला पसंत. फिट म्हटलं की ते लोक चहाही न घेता उठले असते. बाप पितो हे त्यांच्या कानावर आलेलंच होतं, त्याचं त्यांना काही नव्हतं. मुलाचा बाप तर मलाच म्हणाला होता, "आमच्यात कोन पीत नाय, मास्तर? सोडलेली असंल तर माल घातलेली दिसू दे, बस."

म्हणजे हिशोब असा होता. दारुड्याच्या मुलीला स्थळ होतं, डोक्याला मार बसलेल्याच्या मुलीला नव्हतं. दारुड्याला गावात जागा आहे, त्याच्यावर गाणी आहेत, त्याला माफी आहे. आजारी डोक्याला काहीच नाही. सुनंदानं रिक्षातच ठरवून टाकलं की गोळ्या तांदळाच्या डब्यात राहतील आणि रेश्मालाही सांगायचं नाही, पोर भाबडी आहे, बोलून बसेल. लग्नानंतर सांगू.

पुढच्या मंगळवारी हिराजी आपल्या पायांनी देवळात गेला. नारळ हातात घेतला आणि आजवर प्यालेली सगळी दारू सोडल्याची शपथ घेतली. माळ घातली, टाळ्या झाल्या, मंडळानं शाल पांघरली. बाहेर आल्यावर मी त्याला चहा पाजला. तो कपात बघत म्हणाला, "देवीला ठाव हाय ना, मास्तर?" मी हो म्हटलं. मला काय माहीत.

आणि गोळ्यांनी गुण आला. बोलणं सुधारलं, चाल सुधारली, राग पुष्कळ उतरला, जोह्याच्या मालकानं परत बोलावलं. गावात जो तो मला ऐकवायला लागला, "बघ मास्तर, दारू सोडली का मानूस कसा सुधारतो." पिणाऱ्या नवऱ्यांना बायका हिराजीचं उदाहरण द्यायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दात खाऊन ऐकून घेत होतो.

लग्न वैशाखात आमच्याच गावात झालं. तीन दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, तांदळाच्या डब्याभोवती स्वयंपाकाच्या बायका, हळदीच्या रात्री अंगणात डीजे आणि मुलीचा बाप म्हणून हिराजीला झोपायची सोय नाही. गोळ्या चुकल्या. लग्न लागेपर्यंतचा वेळ मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत काढला. अक्षता पडल्या, व्याह्यांची पंगत बसली, तो जिलेबीचं ताट घेऊन वाढायला आला आणि व्याह्यांच्या पुढ्यात थांबला. मग ताट पडलं, तो पडला, हातपाय झाडायला लागले, तोंडाला फेस आला.

बायका किंचाळल्या. नवऱ्या मुलाची आत्या पानावरून उठली आणि म्हणाली, "अगो बाय, ही तर फिट. कांदा आना, कांदा." मुलाच्या बापाच्या हातातला घास तसाच राहिला.

तेवढ्यात सुनंदा पुढं आली. नवरा जमिनीवर तडफडत होता, त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं, आणि ही कमरेवर हात ठेवून ओरडायला लागली. "मेल्या, आज तरी दम धरायचास. पोरीच्या लग्नातबी ढोसलीस? देवीची माल घालून ढोसलीस?" कपाळ बडवून घेत होती, शिव्या घालत होती, आणि डोळे माझ्याकडे होते. मी मान हलवली आणि मोठ्यानं म्हटलं की रात्री माझ्याबरोबरच बसला होता, नको म्हटलं तरी ऐकेना. माझ्यावर कोणाचाही विश्वास बसण्यासारखंच ते होतं.

झटका ओसरला. हिराजीनं डोळे उघडले, कुठं आहोत ते त्याला कळेना. सुनंदाचं ओरडणं चालूच होतं. तो ऐकत राहिला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, आणि ती जड जीभ ओढत तो म्हणाला, "चुकला गो. जरा जास्त झाली."

मुलाच्या बापानं घास तोंडात घातला. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. "व्याही खुशीत हायत," असं कोणी म्हणालं आणि पंगत पुढं सुरू झाली. रेश्मा मांडवाच्या दारात उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. तिनं बापाकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून आत गेली. पाठवणीला ती सगळ्यांच्या पाया पडली, याला शोधलं नाही. पुढल्याच पावसात तो बांधावर घोटाभर पाण्यात पालथा सापडला. दहाव्याला ती आली, बाजूला उभी राहिली, रडली नाही. तिला दिवस गेलेत, सासरी कळलं तर तिचं आणि पोटातल्याचं काय, म्हणून सुनंदा अजून तोंड उघडत नाही.

लग्नाच्या त्या दिवशी मी त्याला मागच्या दारानं काढून रिक्षात घातलं आणि माझ्या घरी झोपवायला नेलं. वाटेत तो टॉवेलाखालून बोलला. आवाज ओळखू येत नव्हता.

"फिट बोलला का रं कोन शेवटाला?"

"नाही," मी म्हटलं. "प्यायलाय म्हणाले सगळे."

"मंग बेस झाला," हिराजी म्हणाला आणि झोपला.